वाघाची हद्द, समुद्राची भरती आणि मरिचझांपीचा हिशेब

पर्यावरणाच्या चर्चेत अलीकडे 'नियोजित माघार' हा शब्द वारंवार ऐकू येतो. अर्थ साधा आहे. समुद्र पुढे येणार, म्हणून माणसांनी किनारा टप्प्याटप्प्यानं सोडायचा आणि ती जमीन खारफुटीला, वन्यजीवांना परत द्यायची. बंगालच्या सुंदरबनसाठी असा विचार डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियानं २०११ साली एका अहवालात मांडला होता. त्यामागचं शास्त्र आम्ही नाकारत नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, हे उघड सत्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. माघार नेमकी कोण घेणार? कुणाला विचारून घेणार? आणि माघार घेऊन जाणार कुठं?

हे प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. त्याच सुंदरबनात, 'ही राखीव जंगलाची जमीन आहे' असं सांगून, १९७९ साली हजारो दलित कुटुंबांना गोळीबार करून, उपाशी मारून, झोपड्या जाळून हाकलण्यात आलं. त्या बेटाचं नाव मरिचझांपी. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी तरुणाला खैरलांजी माहीत आहे, रमाबाई नगर माहीत आहे, पण मरिचझांपी फारसं माहीत नाही. ते माहीत असणं का गरजेचं आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

जंगल 'संरक्षित' झालं कसं?

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या मुखाशी सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल आहे. त्यातलं साधारण ६,००० बांगलादेशात, उरलेलं भारतात. भारताच्या बाजूला १०२ बेटं आहेत. त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे आणि या प्रदेशात सुमारे ४५ लाख माणसं राहतात.

इंग्रजांना या जंगलाचं कौतुक नव्हतं. त्यांना महसूल हवा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी जंगल तोडून शेती करायला पट्टे द्यायला सुरुवात केली. १८२८ साली सुंदरबन ही सरकारी मालमत्ता ठरवली गेली आणि लगेच डॅम्पियर व हॉजेस या अधिकाऱ्यांनी मोजणी करून नकाशावर रेघ मारली. रेघेच्या आतलं सगळं सरकारचं. छोटा नागपूरच्या पठारावरून संथाल, मुंडा, उरांव आणले गेले. पौंड्र, नमःशूद्र आणि गरीब मुसलमान शेतकरी आले. त्यांनी वाघ, मगर आणि साप यांच्याशी झुंजत जंगल तोडलं, नदीकाठी मातीचे बांध घातले आणि खाऱ्या चिखलातून भाताची खाचरं उभी केली. मालक झाले ते जमीनदार आणि पट्टेदार.

पुढं १८७५-७६ पासून उरलेलं जंगल टप्प्याटप्प्यानं 'राखीव' आणि 'संरक्षित' घोषित झालं. कशासाठी? लाकडासाठी. त्या काळात 'संरक्षण' याचा अर्थ जंगलाच्या वापराचा हक्क माणसांकडून काढून खात्याकडं देणं, एवढाच होता. ही व्याख्या स्वातंत्र्यानंतरही फारशी बदलली नाही.

निसर्गानं या राज्यकर्त्यांना एकदा धडा शिकवला होता. मातला नदीवर इंग्रजांनी पोर्ट कॅनिंग नावाचं बंदर उभारायचं ठरवलं. 'सायक्लोन' हा शब्द ज्यानं घडवला त्या हेन्री पिडिंग्टननं १८५३ सालीच गव्हर्नर जनरलला उघड पत्र लिहून बजावलं होतं, की इथं एक दिवस वादळाची लाट येईल आणि सगळं धुऊन नेईल. कुणी ऐकलं नाही. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आलं आणि बंदराची दैना झाली. काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. गोऱ्या साहेबांनी माघार घेतली. बांधाच्या आत राहणाऱ्या मजुरांना मात्र माघार घ्यायला दुसरी जागाच नव्हती.

ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं

आता या गोष्टीतली माणसं कोण, ते पाहू.

पूर्व बंगालमधला नमःशूद्र समाज हा अस्पृश्यतेविरुद्ध फार लवकर उभा राहिलेला समाज. ओराकांदीच्या हरिचांद ठाकूर यांनी एकोणिसाव्या शतकात मतुआ पंथ उभा केला. त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी शाळांचं जाळं विणलं. सरकारी दप्तरात या समाजाची नोंद 'चांडाळ' अशी होत असे. १९११ च्या जनगणनेत ती 'नमःशूद्र' अशी करून घ्यायला या समाजाला मोठी चळवळ करावी लागली.

याच समाजातले जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याची वाट बंद झाली होती. तेव्हा जोगेंद्रनाथांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या प्रांतिक विधानसभेतून बाबासाहेबांना निवडून पाठवलं. पुढं फाळणीमुळं ते सदस्यत्व गेलं आणि १९४७ च्या जुलैत बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिलं दार उघडलं ते बंगालच्या दलितांनी. हे ऋण आपण भाषणात सांगतो. त्या माणसांचं पुढं काय झालं, हे मात्र सांगत नाही.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आधी आले ते बहुतांश सवर्ण. त्यांच्याकडं शिक्षण होतं, कोलकात्यात नातेवाईक होते, ओळखी होत्या. त्यांनी शहराभोवती वसाहती वसवल्या आणि कालांतरानं त्या नियमितही झाल्या. शेतकरी, कोळी असलेले दलित उशिरा आले, १९५० आणि १९६० च्या दशकांत, दंगलींनी पिटाळल्यावर. त्यांच्यासाठी बंगालमध्ये जागा 'उरली' नव्हती. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. पाण्यात वाढलेली ही माणसं रायपूरजवळच्या माना छावणीत, तिथून मलकानगिरी, उमरकोट, परालकोट अशा कोरड्या, खडकाळ मुलखात नेऊन टाकली गेली. त्या जमिनी मुळात आदिवासींच्या. एका वंचित समूहाला दुसऱ्याच्या उरावर बसवायचं आणि दोघांना भांडत ठेवायचं, हा ब्राह्मणी व्यवस्थेचा जुनाच डाव.

यांतलीच काही कुटुंबं आपल्या महाराष्ट्रात आली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी, मुलचेरा या भागांत त्यांची गावं आहेत. अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. ज्या समाजानं बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं, तो बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात अनुसूचित जातीत मोजला जात नाही. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

मरिचझांपी

विरोधी पक्षात असताना बंगालचे डावे पक्ष सांगत होते, की निर्वासितांना बंगालमध्येच वसवा. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली. दंडकारण्यातल्या माणसांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. १९७८ च्या सुरुवातीला त्यांनी भांडीकुंडी विकली आणि बंगालची वाट धरली. सरकारनं शब्द फिरवला. अनेकांना अडवून परत पाठवलं. तरीही सतीश मंडल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस हजार माणसं सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर पोहोचली.

तिथं त्यांनी काय केलं? सरकारकडं एक पैसा मागितला नाही. बांध घातले, मासळीसाठी तळी केली, विहिरी खोदल्या. होड्या बांधायला घेतल्या. शाळा काढली, दवाखाना काढला, बेकरी आणि विड्यांचा कारखाना उभा केला. हे सगळं वर्षभराच्या आत.

बाबासाहेबांचं 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे १९४७ चं निवेदन ज्यांनी वाचलं असेल, त्यांना इथं थांबावंसं वाटेल. त्यात बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. लागवडीयोग्य पडीक सरकारी जमिनी एका वसाहत आयोगाकडं द्याव्यात आणि त्यांवर अनुसूचित जातींची नवी गावं वसवावीत, असं त्यांनी मांडलं होतं. कारण सवर्णांच्या गावात दलित कायम परावलंबी राहतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखोंनी तुरुंग भरले, ते याच पडीक जमिनीच्या हक्कासाठी. मरिचझांपीच्या माणसांनी तेच केलं. कुणाच्या उरावर न बसता, ओसाड सरकारी बेटावर, स्वतःच्या हातांनी दलितांचं गाव उभं केलं.

हेच सहन झालं नाही. १९७९ च्या जानेवारी अखेरीस जमावबंदी लावून पोलिसांच्या लाँचनी बेटाला वेढा घातला. अन्न बंद. पिण्याचं पाणी बंद. औषध बंद. शेजारच्या बेटावरून तांदूळ आणायला निघालेल्या होड्या बुडवल्या. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. कोलकाता उच्च न्यायालयात दाद मागून आदेश मिळवूनही कोंडी खऱ्या अर्थानं सुटली नाही. मे महिन्याच्या मध्यावर तीन दिवसांत झोपड्या जाळून बेट रिकामं करण्यात आलं. उरलेल्यांना पुन्हा दंडकारण्यात पाठवलं. गोळीबारातल्या मृतांचा सरकारी आकडा होता दोन. भूक, कॉलरा, गोळ्या आणि बुडून मेलेल्यांचे इतर अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात. मोजणारं कुणी नव्हतं, म्हणून आकडा नाही. ज्यांचं मरण मोजलं जात नाही, त्यांची जात आपण ओळखतो.

वाघासाठी?

सरकारचं समर्थन काय होतं? हे राखीव जंगल आहे, व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, पर्यावरणाचा नाश होतो आहे.

व्याघ्र प्रकल्प १ एप्रिल १९७३ ला सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपलं मेळघाट होतं आणि सुंदरबनही होतं. पण मरिचझांपीवर निर्वासित येण्याआधीच, १९७५ मध्ये, तिथली मूळ खारफुटी सरकारनंच काढून टाकली होती आणि महसुलासाठी नारळ वगैरेंची लागवड केली होती. मानववंशशास्त्रज्ञ अन्नू जालेस यांनी ही बाब नोंदवली आहे. म्हणजे सरकारनं उत्पन्नासाठी खारफुटी काढली तर तो विकास, आणि दलितांनी पोटासाठी तिथं झोपडी बांधली तर तो पर्यावरणाचा नाश! बेटांवरच्या लोकांनी जालेस यांना सांगितलं, की त्या दिवसांपासून वाघाला सरकारनं नागरिक केलं आणि आम्हाला त्याचं खाद्य. या वाक्यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आता समुद्र आला आहे

१९७९ मध्ये वाघाची हद्द सरकारनं आखली होती. आज ती हद्द समुद्र पुसतो आहे. वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनीचं नियोजन बदलत्या हवामानात करणं म्हणजे काय, ते इथं स्पष्ट दिसतं.

भरतीबरोबर गाळ येतो आणि जमिनीवर बसतो. अशानं त्रिभुज प्रदेश स्वतःला उंच करत असतो. दीडदोनशे वर्षं बांध घातल्यामुळं वस्तीच्या बेटांवर हा गाळ येईनासा झाला. गाळ नदीच्या तळाशी साचतो, आतली जमीन खचत जाते. आज सुमारे ३,५०० किलोमीटरच्या मातीच्या बांधांमागं अनेक गावं भरतीच्या पातळीच्या खाली जगतात. वरून येणारं गोडं पाणी मातला, विद्याधरी अशा नद्यांना मिळेनासं झालं, म्हणून खारटपणा वाढला. ज्या सुंदरी झाडावरून जंगलाचं नाव पडलं असं मानतात, तेच झाड विरळ होत चाललं आहे.

दक्षिणेकडची बेटं समुद्र खातो आहे. लोहाचरा बेट पाण्याखाली गेलं. घोरामारा निम्म्याहून कमी उरलं आणि तिथली कुटुंबं सागर बेटावर हलली. २००९ चं आयला, २०१९ चं बुलबुल, २०२० चं अम्फान, २०२१ चं यास. दर वादळात बांध फुटले आणि खारं पाणी शेतात शिरलं. एकदा खारं पाणी शिरलं की त्या खाचरात काही वर्षं धड भात होत नाही. मग पुरुष केरळ, तामिळनाडूत मजुरीला जातात आणि बाया छातीभर पाण्यात उभ्या राहून कोळंबीची पिल्लं गोळा करतात.

खारफुटीही वर चढणाऱ्या पाण्यापासून मागं सरकू पाहते. तिच्या मागं बांध आहे आणि बांधामागं गाव. म्हणून जंगल दोन्ही बाजूंनी चेपलं जातं. वाघ उत्तरेला, वस्तीकडं ढकलला जातो. बांगलादेशाच्या बाजूच्या सुंदरबनात २०७० पर्यंत वाघाला योग्य अधिवासच उरणार नाही, असा इशारा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दिला आहे. म्हणजे वाघ आणि माणूस दोघंही निर्वासित होणार आहेत. फरक एवढाच, की वाघाचं नाव सरकारी दप्तरात आहे.

हक्काविना आराखडा

माणसाचं नाव दप्तरात का नाही? इथं वनहक्क कायदा पाहावा लागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना आणि 'इतर पारंपरिक वननिवासींना' हक्क दिले. पण अट वेगळी. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनात राहिल्याचं दाखवायचं. इतरांनी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, राहिल्याचं दाखवायचं. गोसाबासारख्या भागात निम्म्याहून जास्त लोक अनुसूचित जातींचे आहेत. फाळणीनं आणि वादळांनी विस्थापित केलेल्या दलितांनी १९३० सालचा पुरावा आणायचा कुठून? त्यावर कडी म्हणजे राज्य सरकारनं या कायद्याची अंमलबजावणी सुंदरबनच्या जिल्ह्यांपर्यंत वर्षानुवर्षं नेलीच नाही.

वनहक्क कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००७ रोजी. त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर २००७ मध्ये, देशभर घाईघाईनं 'अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास' घोषित झाले. सुंदरबनचा झाला, आपल्या मेळघाट आणि ताडोब्याचाही झाला. हक्क नोंदवण्याआधी हद्द आखून घ्यायची, हा क्रम योगायोगाचा म्हणता येत नाही.

परिणाम काय? जंगलात मासे, खेकडे, मध आणायला परवाना लागतो. होड्यांचे परवाने हजाराच्याही आत गोठवलेले. ज्यांच्याकडं परवाना आहे ते तो भाड्यानं देतात. ज्यांना परवडत नाही ते चोरून जातात. वाघानं मारलं तर बाई तक्रारच करत नाही, कारण नवरा 'बेकायदा' गाभा क्षेत्रात गेला होता. या बायांना तिकडं 'बाघविधवा' म्हणतात. अशाच एका बाईला, मृत्यू गाभा क्षेत्रात झाला तरी भरपाई द्या, असा आदेश २०२३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

हीच माणसं उद्या 'नियोजित माघारी'च्या यादीत असतील. ज्याच्या नावावर हक्क नाही, त्याच्या माघारीला भरपाई नाही, संमती नाही, पर्यायी जमीन नाही. त्याला सरळ 'अतिक्रमण' म्हणता येतं. मरिचझांपीत तेच म्हटलं होतं.

मग वाघ नको का?

आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाघ हवा. खारफुटी तर हवीच हवी. अम्फानसारख्या वादळाचा जोर पहिल्यांदा ती अंगावर घेते, आणि तिच्या मागं राहतात ते आपलेच लोक. सम्राट अशोकानं पाचव्या स्तंभलेखात कितीतरी प्राण्यांना अभय दिलं, विनाकारण जंगलं जाळू नका असं लिहिलं. आम्ही त्या धम्माचे वारस आहोत. पण करुणा वाघापाशी सुरू होऊन माणसाच्या उंबरठ्याबाहेर थांबत असेल, तर ती करुणा नव्हे.

शिवाय संरक्षण आणि हक्क यांत भांडण आहे, हे गृहीतकच खोटं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं जंगल विकून खाल्लं नाही. ग्रामसभेनं नियम केले, बांबूतून उत्पन्न काढलं आणि जंगलही राखलं. हक्क असलेला माणूस पुढच्या पिढीचा विचार करतो. ज्याला उद्या हाकलतील याची धास्ती आहे, तो आजचं पोट पाहतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचं काम त्यांच्याकडं होतं. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक या सगळ्यांचा एकत्र विचार त्यांनी केला. म्हणजे निसर्गाच्या नियोजनाला आंबेडकरी विचाराचा विरोध कधीच नव्हता. नियोजन कुणाच्या भल्यासाठी आणि कुणाच्या हातात, हा आपला प्रश्न आहे.

त्यासाठी मार्ग नव्यानं शोधायचीही गरज नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) मध्ये तो लिहिलेला आहे. आधी सगळे हक्क नोंदवा. माणसांमुळं भरून न येणारं नुकसान होतं हे सिद्ध करा. सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही हे दाखवा. ग्रामसभेची मुक्त आणि लेखी संमती घ्या. नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्यावरच माणूस हलवा. आणि रिकामी झालेली जमीन पुढं कुठल्याही दुसऱ्या कामाला देऊ नका. ही अट समुद्रापायी होणाऱ्या प्रत्येक स्थलांतराला लावा, मग माघारीचं बोलू.

आपण काय करायचं?

सुंदरबन लांब आहे म्हणून गप्प बसू नका. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा यांच्या कडेच्या गावांत आपली बौद्ध वस्ती आहे. मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी आपल्या आयाबहिणी त्याच जंगलात जातात आणि वाघाच्या तोंडी सापडतात. या जंगलांचेही व्यवस्थापन आराखडे दर काही वर्षांनी नव्यानं होतात. उन्हाळे लांबतील, पाणवठे आटतील, वाघ गावाकडं सरकेल, तसा आराखडा बदलेल. तो बदलताना आपली नोंद आहे का?

तीन कामं लगेच हाती घ्या. एक, गावातल्या आपल्या कुटुंबांचे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावे भरा. ७५ वर्षं त्या परिसरात राहिल्याचा पुरावा पुरतो, तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षं कसल्याचा लागत नाही. वयोवृद्धांचा जबाब, वंशावळ, जुनी विहीर, स्मशान हेही पुरावे कायद्याच्या नियमांत धरले आहेत. दोन, ग्रामसभेत सामूहिक वनहक्काच्या दाव्यात आदिवासी बांधवांबरोबर उभे राहा. आपल्याला एकमेकांविरुद्ध उभं करण्याचा डाव दंडकारण्यात खेळून झाला आहे. तीन, गडचिरोली-चंद्रपूरच्या नमःशूद्र बांधवांच्या अनुसूचित जातीच्या मागणीला आपल्या मोर्च्यात, आपल्या निवेदनात जागा द्या. १९४६ चं ऋण भाषणानं फिटणार नाही.

मरिचझांपीच्या माणसांकडं बांध होता, शाळा होती, दवाखाना होता. सातबारा नव्हता. म्हणून ते एका रात्रीत अतिक्रमणदार ठरले. समुद्र पुढं येतो आहे, नवे नकाशे आखले जात आहेत. या वेळी नकाशावर रेघ पडण्याआधी आपलं नाव नोंदवलेलं असलं पाहिजे.

जय भीम!